आधी खोड, कुंडी शेवटी: खान्देशच्या उन्हात बोन्साय कसं घडतं

वडाचं बोटभर जाडीचं रोप नर्सरीतून आणायचं, उथळ कुंडीत लावायचं, वाढलं की छाटायचं आणि त्याचं बोन्साय व्हायची वाट बघायची. जळगाव-धुळ्याकडे गच्चीवर बाग करणाऱ्या पुष्कळ घरांत हेच चालतं. पाच वर्षांनी बघावं तर खोड बोटभरच असतं. रोप मरत नाही, पण त्याचं झाडही होत नाही. पाणी वेळेवर मिळालेलं असतं, खत घातलेलं असतं, मायाही कमी नसते. चुकलेला असतो तो कामांचा क्रम.

बोन्सायची ती देखणी उथळ कुंडी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी खोड, खोडाच्या बुडाशी चहूबाजूंनी पसरलेली मुळं, मग मुख्य फांद्या, मग बारीक डहाळ्या. यातल्या प्रत्येक कामाला आपापली वर्षं द्यावी लागतात आणि मागचं काम झाल्याशिवाय पुढचं हातात घेता येत नाही. हा क्रम असाच का, हे एकदा कळलं की बाकीच्या युक्त्या पाठ कराव्या लागत नाहीत. म्हणून आधी झाडाच्या आत काय चालतं ते बघू.

झाड जाड कशाने होतं

कोवळ्या फांदीची साल नखाने हलकेच खरवडली की खाली ओलसर हिरवा थर दिसतो. त्याच्याही आत, लाकडाला चिकटून, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा एक पातळ निसरडा थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. झाडाची जाडी वाढवायचं काम हाच थर करतो. आतल्या बाजूला तो नवं लाकूड घालतो, बाहेरच्या बाजूला नवी साल. या नव्या लाकडातून पाणी मुळांकडून पानांकडे चढतं आणि आतल्या सालीतून पानांत तयार झालेली साखर खाली उतरते.

आता हिशोब सरळ आहे. वर पानं जितकी जास्त, तितकं पाणी जास्त लागणार आणि तितकं लाकूडही जास्त घालावं लागणार. पानं कमी असतील तर खोडाला जाड व्हायचं कारणच उरत नाही. सतत छाटलेलं रोप बारीक राहतं ते यामुळे. खोड हवं असेल तर आधी झाडाला मोकळं वाढू द्यावं लागतं. पुरुषभर उंच, वेडंवाकडं, बोन्साय म्हणून कुणाला सांगायची लाज वाटेल असं.

दुसरी गोष्ट शेंड्याची. वाढता शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खोडातून खाली उतरतं आणि वाटेतल्या बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या कोंबांना, फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा दाब जातो आणि खालचे डोळे जागे होतात. तूर शेंडे खुडल्यावर फांद्या धरते, हे आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. बोन्सायमधली जवळपास सगळी छाटणी याच एका गोष्टीवर चालते. एका फांदीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि दर वेळी आधीपेक्षा बारीक. त्यातून लहान झाडाला मोठ्या झाडाचा डोलारा येतो.

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवणं, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या मनात झाडाबद्दल कणव असते, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात यामाकी पाइन नावाचं एक जपानी बोन्साय आहे. १६२५ पासून ते घडवलं जातंय. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाच्या आवारात होतं आणि वाचलं. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिलं. उपाशी झाड चारशे वर्षं जगत नाही. बोन्सायच्या पेशी आणि बी तेच असतात जे रानातल्या झाडाचे असतात. जमिनीत लावलं तर ते पुन्हा मोठं होतं. उलट कुंडीत माती कमी आणि रोजच्या पाण्याने खत वाहून जातं, म्हणून बोन्सायला नियमित खावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही. कापसाचा मुलूख असल्याने सरकीची पेंड गावोगावी मिळते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा मूठभर सरकी पेंड आणि थोडी निंबोळी पेंड मातीवर पसरून दिली की मध्यम आकाराच्या कुंडीचं भागतं.

रोपापासून सुरुवात

खान्देशात पहिल्यांदा हात घालायचा असेल तर मी चिंच आणि वड सुचवेन. चिंचेची पानं मुळातच बारीक, साल लवकर भेगाळते आणि लहान वयात झाड म्हातारं दिसायला लागतं. ऊन ती आनंदाने सोसते. वडाला कितीही कापा, तो फुटतो. शिकणाऱ्याला असंच क्षमाशील झाड हवं. कडुनिंबही चांगला, पण निंबोळी ताजी पेरावी लागते. काही आठवडे पडून राहिली की तिची उगवण झपाट्याने घटते. म्हणून आषाढात झाडाखाली पडलेली निंबोळी गर काढून लगेच लावायची. अंजनाच्या झाडाचा मोह सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला होणारच. त्याचं दोन पाकळ्यांसारखं जोडपान फार देखणं असतं. पण अंजनाचं रोप सुरुवातीची वर्षं वर जवळजवळ वाढतच नाही, सगळी ताकद सोटमुळात घालतं. पळसाचंही तसंच, कोवळा कोंब दर उन्हाळ्यात वाळतो आणि खाली मूळ मात्र जाड होत राहतं. ही झाडं हात बसल्यावर घ्यावीत.

बियांपासून केलेल्या रोपाचं सोटमूळ पहिल्याच वर्षी, रोप वीतभर असतानाच, कापावं. मग बाजूची मुळं जोर धरतात. वडाच्या बाबतीत याहून सोपा रस्ता म्हणजे अंगठ्याएवढी फांदी पावसाळ्यात लावणं. फांदीला सोटमूळ नसतंच, मुळं चहूबाजूंनी फुटतात आणि बोन्सायला हवी ती बैठक आपोआप मिळते. डाळिंबाची गुटी बांधता येणाऱ्याने, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडता येणाऱ्याने, तर मोठ्या वडाची मनगटाएवढी फांदीच गुटी करून उतरवावी. दोन बोटं रुंदीची साल गोल काढली की पाणी आतल्या लाकडातून वर जात राहतं, पण पानांतून सालीवाटे उतरणारी साखर आणि ऑक्सिन त्या कापाच्या वरच्या कडेला अडतात. तिथेच मुळं फुटतात. पाच-सहा वर्षं लागणारी खोडाची जाडी अशाने एका पावसाळ्यात हातात येते.

रोपाची जागा जमिनीत. घराला परसदार नसेल तर मोठी ग्रो-बॅग किंवा फळांचा प्लॅस्टिक क्रेट चालतो, पण उथळ ताटली नाही. जमिनीत लावताना मुळांखाली शहाबादी फरशीचा तुकडा आडवा ठेवायचा आणि मुळं हाताने पसरून त्यावर बसवायची. मुळांना खाली जाता येत नाही, ती आडवी धावतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाड एकदा उचलून खाली जाणारी, एकमेकांवर चढलेली, जाड मुळं कापायची आणि पुन्हा तिथेच लावायचं.

खोड मनाजोगतं जाड झालं की तो क्षण येतो ज्याची सगळ्यांना भीती वाटते. सहा फूट वाढलेलं झाड वीतभरावर कापायचं. काप तिरका, एखाद्या जिवंत डोळ्याच्या किंवा बारीक फांदीच्या वर. त्या डोळ्यातून जो नवा शेंडा येईल त्याला पुन्हा मोकळा वाढू द्यायचा आणि खालच्या खोडाच्या निम्म्या-पाऊण जाडीचा झाला की पुन्हा कापायचा, या वेळी ठेवायचा तुकडा आधीच्यापेक्षा आखूड. असं दोनतीनदा झालं की खोड बुडाशी रुंद आणि वर निमुळतं दिसतं, आणि प्रत्येक कापापाशी थोडं वळण मिळतं. माळावरच्या जुन्या झाडाचं खोड असंच निमुळतं असतं, आणि आपल्या डोळ्याला वय जाणवतं ते तिथून. उंचीचा ढोबळ अंदाज म्हणून बुडाच्या जाडीच्या सहापट धरतात. बुंधा पाच सेंटिमीटर असेल तर झाड तीस सेंटिमीटरच्या आसपास शोभतं.

मधल्या काळात बुडाशी एखादी फांदी मुद्दाम मोकाट सोडतात. ती शेवटी ठेवायची नसते. तिची पानं तिच्या खालचं खोड पोसतात. जाडी मिळाली की ती काढून टाकायची. नवखा माणूस अशी फांदी दिसायला वाईट म्हणून आधीच कापतो आणि दोन वर्षं गमावतो.

बांधावरचं बोर, भिंतीतला वड

दुसरा रस्ता उलटा आहे. इथे खोड निसर्गाने आधीच करून ठेवलेलं असतं. आपण मुळं आणि फांद्या नव्याने घडवायच्या. जपानमध्ये डोंगरकड्यांवरची, वाऱ्या-बर्फाने वाकलेली झाडं उतरवून आणायची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे सातपुड्यात जाऊन तसं करायचं नाही. राखीव वनातून झाड उपटणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे आणि यावल किंवा अनेर धरणासारख्या अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. साग, खैर, मोह अशा झाडांच्या तोडीवर खासगी मालकीच्या जमिनीतही १९६४ च्या राज्य कायद्याचं बंधन आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कड्यावर पन्नास वर्षं टिकलेलं झाड आपल्या गच्चीवर एका उन्हाळ्यात मेलं तर ते भरून काढता येत नाही. जे झाड तसंही जाणार आहे तेवढंच उचलावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि अशी झाडं खान्देशात पुष्कळ आहेत. रस्ता रुंद होतो तेव्हा कडेची झुडपं जेसीबीखाली जातात. धाब्याची जुनी घरं पडतात, गढीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती खचतात, विहिरींची बांधकामं दुरुस्तीला निघतात, आणि त्यांच्या सांध्यांत वड, पिंपळ, उंबर रुजलेले असतात. सगळ्यात चांगलं साहित्य मात्र शेताच्या बांधावर मिळतं. बोरीचं झुडूप शेतकरी दर वर्षी पेरणीआधी साफ करतो. उरलंसुरलं शेळ्या खातात. वर काही टिकत नाही, पण बुंधा वर्षागणिक जाड होत जातो. वीतभर उंचीचं, मांडीएवढ्या घेराचं, गाठी-खोबणींनी भरलेलं खोड, त्यावर वाळलेल्या लाकडाचे सुळके आणि एका बाजूने जिवंत सालीची पट्टी चढत गेलेली. कोणत्याही कारागिराला असं खोड मुद्दाम करायला आयुष्य लागेल. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याला असं बोर मागितलं तर ते म्हणाले, “दरसाल तोडतस भाऊ, अन् दरसाल फुटस हाई. लई जा, मना ताप जाई.”

पण बोर उचलणं सोपं नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि बुंध्याजवळ पाणी शोषणारी बारीक मुळं फार थोडी असतात. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, अन्न साठवतात, पण पाणी ओढायचं काम टोकाच्या बारीक केसाळ मुळांचं. एकदम खणून काढलं तर ती सगळी शेतातच राहतात. म्हणून दोन पावसाळ्यांची तयारी करायची. चैत्र-वैशाखात बोर पानं झाडून विश्रांतीला जातं, तेव्हा वरचा पसारा कमी करायचा. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला, म्हणजे चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी ओल आली, की बुंध्यापासून वीत-दीड वीत अंतरावर अर्ध्या बाजूने चर खणायचा, त्यातली आडवी मुळं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) स्वच्छ कापायची आणि चरात जाड वाळू व कुजलेलं शेणखत भरायचं. कापलेल्या टोकांतून त्या मोकळ्या भरावात बारीक मुळं येतात. पुढच्या पावसाळ्यात उरलेली अर्धी बाजू तशीच करायची. तिसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला सोटमूळ खालून कापून झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढायचं आणि लगेच ओल्या बारदानात गुंडाळायचं. मुळं वाऱ्याला पंधरा मिनिटं उघडी राहिली तरी बारीक मुळं वाळतात. वापसा यासाठी की काळी माती कोरडी असताना दगडासारखी होते, पहारीने मुळं तुटतात, आणि चिखल असताना गोळा हातात येत नाही, निसटतो.

भिंतीतल्या वडा-उंबराचं काम याहून हलकं. त्यांची मुळं विटांच्या सांध्यांतून चपटी पसरलेली असतात. गवंडी भिंत उतरवत असेल तर त्याच्या शेजारी उभं राहावं आणि विटा एकेक करून काढायला सांगावं, ओढून काढलं की साल सोलली जाते. पिंपळ तोडायला गवंडी बहुतेक वेळा राजी नसतो, त्यामुळे कुणीतरी जगवायला नेतंय म्हटल्यावर तोच जपून काढून देतो. या जातीची झाडं मुळं जवळजवळ नसतानाही जगतात, कारण खोडात साठा मोठा असतो. सगळी पानं काढायची, फांद्या आखूड करायच्या, चीक पाण्याने धुऊन टाकायचा. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर हे प्रमाण बागायतदाराला पाठ असतं, आपल्याला त्याचा शंभरावा भाग पुरतो. पिंपळाबद्दल एक सूचना: त्याच्या पानाचा देठ लांब असतो आणि पान फार लहान होत नाही. त्याला अडीच-तीन फूट उंच ठेवलं तरच प्रमाण जुळतं.

आणलेलं झाड कुठल्याही साध्या, खोल, भोकं असलेल्या भांड्यात लावायचं. जुनं घमेलं, लाकडी खोका, क्रेट, काहीही. दोरीने किंवा तारेने ते भांड्याला घट्ट बांधायचं, कारण झाड हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं तुटतात. दाट सावली, वाऱ्यापासून आडोसा आणि बुंध्यावर सैल पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे आत दमटपणा राहील.

यानंतरची गोष्ट नवख्यांना फार फसवते. तीन-चार आठवड्यांत बुंध्यावर हिरवे कोंब येतात. घरात आनंद होतो, झाड उन्हात काढलं जातं, फोटो निघतात, आणि पुढच्या महिन्यात कोंब माना टाकतात. ते पहिले कोंब खोडातल्या साठ्यावर आलेले असतात. खाली मूळ एकही नसतं. झाड खरंच लागलंय हे कळतं ते दुसऱ्या फुटव्यावरून, जेव्हा कोंबांची पेरं लांबतात, पानं कडक होतात आणि टोकं दुपारीही ताठ राहतात. तोपर्यंत प्लॅस्टिक एकदम काढायचं नाही, भोकं पाडत पाडत न्यायचं. खत द्यायचं नाही. आणि एक पूर्ण वर्ष, बोरीसाठी दोन, एकही कोंब खुडायचा नाही. वरच्या कोवळ्या शेंड्यांतून खाली उतरणारं ऑक्सिनच नवी मुळं फुटायला मदत करतं. शेंडा मोडला की मुळांचा पुरवठा मोडला.

काळी माती इथे कामाची नाही

तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला सोनं आहे. उथळ कुंडीत मात्र ती झाड मारते. ओली झाली की फुगते, हवा कोंडते. सुकली की आकसते, भेगा पडतात आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात.

उथळ कुंडीची आणखी एक अडचण आहे जी वाचून पटत नाही, करून बघावी लागते. भांडी घासायचा चपटा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. निथळणं थांबलं की तो उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, पण उंची वाढली. मातीतही असंच होतं. निथळून झाल्यावर तळाशी चिंब भिजलेला एक थर उरतो आणि त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. फूटभर कुंडीत तो थर तळाशी राहतो, मुळं वर मोकळी असतात. दोन इंची कुंडीत तोच थर जवळजवळ सगळी माती व्यापतो. कण जाड केले तरच तो थर पातळ होतो. म्हणून बोन्सायची माती दाणेदार लागते.

आपल्याकडे वीटभट्ट्या आहेत. तिथला पक्क्या भाजलेल्या विटांचा चुरा आणा, गव्हाच्या चाळणीने बारीक पूड काढून टाका आणि ज्वारी ते हरभऱ्याएवढे दाणे ठेवा. वीट पाणी धरते आणि हवाही खेळू देते. त्यात तसाच चाळलेला मुरूम किंवा जाडी वाळू आणि पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. बांधावरून आणलेल्या बोराच्या मुळांना चिकटलेला काळ्या मातीचा गोळा मात्र एकाच वेळी धुवू नये. निम्मा आता, निम्मा दोन वर्षांनी पुढच्या कुंडीबदलाला. तसाच ठेवला तर दाणेदार मिश्रणातलं पाणी त्या गोळ्यात शिरतच नाही, बाजूने वाहून जातं.

बोअरच्या पाण्याने नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या तर लोहाची कमतरता समजावी. पाणी जड आणि क्षारयुक्त असलं की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलेलं उत्तम. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, कृषी केंद्रात मिळतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. चिंच, बोर ही झाडं ते ऊन सोसणारी आहेत, पण जमिनीतल्या झाडाची मुळं थंडाव्यात असतात आणि कुंडीतल्या झाडाची नसतात. तापलेल्या स्लॅबवर ठेवलेली कुंडी दुपारी हाताला चटका देते. आतली मुळं शिजतात. पानं करपली की लोक पाणी वाढवतात, मुळं आधीच गेलेली असतात, मग ती कुजतात. उपाय कुंडीला सावली देण्यात आहे. फाल्गुन संपता संपता ५० टक्क्यांचं शेडनेट, कुंड्या स्लॅबवरून उचलून लाकडी फळीवर, भोवती ओलं बारदान. पश्चिमेच्या गरम वाऱ्याला आडोसा हवाच, केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती उगाच नाही. पाणी सकाळी भरपूर, तळातून निघेपर्यंत, आणि संध्याकाळी पुन्हा. एप्रिल-मे या दोन महिन्यांत कुंडीतल्या झाडांची छाटणी, तार, कुंडीबदल काहीही करू नये.

फांद्या, तार आणि मग कुंडी

खोड तयार, मुळं तयार, झाड दोन वर्षं जोमात. आता फांद्या. तार बांधून फांदी वाकवल्यावर ती तशीच का राहते? वाकलेल्या अवस्थेत कॅम्बियम नवं लाकूड घालत राहतो आणि तेच नवं लाकूड फांदीला त्या जागी धरून ठेवतं. म्हणून वाढीच्या काळात फांदी लवकर बसते आणि थंडीत बसत नाही. ॲल्युमिनिअमची तार घ्यावी, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची, ४५ अंशांच्या तिरकस वेढ्याने. पावसाळ्यात वड इतक्या वेगाने भरतो की महिन्याभरात तार सालीत रुतायला लागते. दर आठवड्याला बघायचं आणि रुतायच्या आत कापून काढायची, उलगडून नाही. उलगडताना फांदी मोडते.

बोर आणि चिंचेच्या जुन्या फांद्या ठिसूळ होतात, तिथे तारेपेक्षा कात्री चांगली. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत झाडं बहुतांशी कात्रीनेच घडवतात. फांदी हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर कापायची, नवी फांदी वाढू द्यायची, ती जाड झाली की पुन्हा वेगळ्या दिशेच्या डोळ्यावर कापायची. वेळ जास्त लागतो, पण येणारी वळणं टोकदार आणि खरी दिसतात. आपल्या काटेरी झाडांना मला हीच पद्धत जास्त शोभते असं वाटतं.

वडाची पानं मोठी राहतात ही तक्रार नेहमीची. डहाळ्या वाढल्या की पानं आपोआप लहान होतात, कारण तेच अन्न जास्त शेंड्यांत वाटलं जातं. अगदी धडधाकट झाडाची सगळी पानं मृगाच्या तोंडावर देठ ठेवून कापली तर येणारी पालवी आणखी लहान येते. वर्षातून एकदाच, आणि नुकत्याच उचललेल्या झाडाला कधीच नाही. फळं मात्र लहान होत नाहीत. दोन फुटांच्या चिंचेला पूर्ण लांबीची चिंच लागते. उलट गावरान बोर मुळातच बारीक, म्हणून फळासाठी बोन्साय करायचं तर बोर सरस.

उथळ कुंडी यानंतर. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा काढून, तळाच्या भोकांवर जाळी टाकून, झाड तारेने कुंडीला बांधून बसवायचं. आपल्याकडे याला सगळ्यात सुरक्षित काळ आर्द्राचा पाऊस स्थिरावल्यावर. हवा दमट असते, मुळांची जखम लवकर भरते. तरुण झाडाला दर दोन वर्षांनी, जुन्याला तीन ते पाच वर्षांनी कुंडीबदल करायचा, आणि दर वेळी बाहेर काढल्यावर कुजलेलं, काळं पडलेलं मूळ दिसतंय का ते बघायचं. दिसलं तर मिश्रण आणखी जाड करायचं.

येत्या पावसाळ्यात सुरुवात करायची असेल तर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास विटांचा चुरा चाळून पोत्यात भरून ठेवा, फरशीचे तुकडे गोळा करा आणि बांधावरच्या बोरांवर नजर ठेवा. त्या दिवसांत ती निष्पर्ण असतात, बुंध्याचा आकार स्पष्ट दिसतो. मालकाला विचारून हव्या त्या बुंध्याला लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे पेरणीआधीच्या सफाईत तो सुटेल.